निशाणी बांगडी

माझं अक्षर फार चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. ही फुशारकी नाही, तक्रार आहे. अक्षर बरंवाईट असतं तर मी इतवारीत एखाद्या दुकानात पुड्या बांधत बसलो असतो आणि कोणाचं काही बिघडवू शकलो नसतो. पण शाळेत मास्तरांनी माझी पाटी वर्गभर फिरवली, बापानं ती आल्यागेल्याला दाखवली, आणि मी डोक्यात हवा घेऊन मोठा झालो.

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. जिल्हा कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली मी अर्जनवीस म्हणून बसे. अर्जनवीस म्हणजे सरकारी परवाना घेऊन लोकांचे अर्ज, करार, कबुल्या लिहून देणारा. एक सतरंजी, एक उतरतं मेज, दोन दौती, टाकांचा डबा आणि वरून पाखरांची कृपा. मी चांगला मराठी माणूस, पण आमच्याकडे हिंदीचा वारा इतका की मला सगळे मुन्शीजीच म्हणत. मलाही ते आवडे.

ज्याला लिहिता येत नाही त्यानं सही कशी करायची, याची तेव्हा एक रीत होती. मजकूर वाचून दाखवल्यावर मी खाली 'निशाणी' असं लिही आणि त्यापुढं त्या माणसाचं चिन्ह काढी. कुणबी असला तर नांगर, शिंपी असला तर कात्री, सुतार असला तर वाकस, बाईमाणूस असलं तर बांगडी. मग टाक त्याच्यापुढं धरी. तो टाकाला बोट लावी. बोट लागलं की ती निशाणी त्याची झाली, मग पुढं पस्तावला तरी. खाली मी 'बकलम' लिहून माझं नाव घाली, म्हणजे ज्याच्या हातून हे लिहिलं गेलं तो मी. नोंदणीच्या कचेरीत अंगठा घेऊ लागले होते. पण साध्या अर्जाला आणि खाजगी कागदाला अजून निशाणीच चाले, आणि जुन्या माणसांना शाईत बोट बुडवणं कैद्यासारखं वाटे.

माझ्या निशाण्या आवारात गाजलेल्या होत्या. बाकीचे मुन्शी दोन रेघा ओढून नांगर म्हणून मोकळे होत. मी रुमणं, फाळ, जू सगळं काढी. एकदा पारशिवनीकडचा एक म्हातारा कागद डोळ्यांशी नेऊन म्हणाला, "मुन्शीजी, याले आता बैल जुपा." दोन दिवस मी ते वाक्य ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

ही गोष्ट जिची, ती बाई पहिल्यांदा आली ती एका सकाळी. नरखेडकडच्या गावची, वय माझ्याइतकंच, तिशीच्या आतबाहेर. कपाळ मोकळं, हात मोकळे. एकटीच आगगाडीनं आली होती, हे मला जरा खटकलंच. बायका निदान भाऊ तरी बरोबर आणत. विचारलं तर म्हणाली, माहेरी कोणी उरलं नाही.

"अर्ज लिवून द्या, मुन्शीजी. धन्याच्या नावाच्या जागी माह्यं नाव चढवाचं हाय."

मी हकिकत विचारली. नवरा आणि दीर असे दोघं भाऊ. सहा वर्षांपूर्वी वेगळे झालेले. वेगळं झाल्याचा कागद काही केला नव्हता. खेड्यात कोण करतो? "चुली येगळ्या, बैल येगळे, इहीर येगळी," ती एकेक बोट दुमडत म्हणाली. "संत्र्याची बाग त्यानं अन् म्या लावली. दोन उन्हाये घागरीनं पानी घालून जगवली. आता दीर म्हंते, पाट लावून दुसऱ्याच्या घरी जाय, बाग आमची."

त्या वेळचा कायदा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विधवेला हिस्सा देणारा कायदा अजून यायचा होता. नवरा भावापासून विभक्त होऊन मेला असेल, तर त्याची जमीन बायकोला तिच्या हयातीपर्यंत मिळे. एकत्र कुटुंबात मेला असेल, तर जमीन भावाची आणि तिला नुसतं अन्नवस्त्र. म्हणजे तिची सगळी बाग एका प्रश्नावर उभी होती: भाऊ वेगळे झाले होते की नाही. मी अर्जात 'माझे पती हयात असताच विभक्त झाले होते' हे वाक्य चांगलं ठसठशीत लिहिलं. ते लिहिलेलं मला पक्कं आठवतं, आणि ते आठवतं हेच माझ्या विरुद्ध जातं.

मजकूर वाचून दाखवला आणि बांगडी काढायला टाक बुडवला, तर तिनं हात पुढं केला.

"मले द्या. माहा हात हाय ना? मंग मीच काढतो."

बायका असं कधी म्हणत नसत. मला हसू आलं, पण टाक दिला. तिनं तो खुरप्यासारखा मुठीत धरला. जीभ दातांत धरून, कागद फाटतो की काय असा जोर देत, तिनं एक गोल ओढला. रेघ थरथरली, एका ठिकाणी शाईचा ठिपका पडला. खाली डावीकडं येऊन ती थांबली. दोन टोकं मिळाली नव्हती. मध्ये तुरीच्या दाण्याएवढी जागा उघडी राहिली होती.

"मिटवा ती, बाई. अर्धी राहिली."

"राहू द्या," ती म्हणाली. "हातातली फुटली. कागदावरची पुरी काहून काढू?"

शाई वाळल्यावर तिनं कागद उलटसुलट पाहिला, जणू स्वतः काढलेलं असं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती. बहुतेक पहिल्यांदाच असावं. घरी जाऊन मी हा प्रसंग बायकोला रंगवून सांगितला, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढं वर्षभर ती माझ्याकडं आली नाही. तिच्या अर्जावर दिरानं हरकत घेतली, आणि कचेरीनं तिला सांगितलं की दिवाणी कोर्टात जाऊन आधी हक्क शाबीत करून आण. हे मला नंतर कळलं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आमच्या आवारात नंतर काहीच कळत नाही, सगळं आधीच कळतं. ती एका नवख्या वकिलाच्या कारकुनामागं कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आठच दिवसांनी दीर माझ्याकडं आला.

दीर म्हणजे भारदस्त माणूस. कोशाच्या रेशमाचा फेटा, धुतलेलं धोतर, बोलणं सायीसारखं. त्याच्या गावाकडची पुष्कळ मंडळी तो माझ्याकडं पाठवत असे. त्या दिवशी पाटीभर संत्री घेऊन आला आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला.

"मुन्शीजी, भावजयीचा एक कागद करा लागते. ती कबूल हाय. पन तिले ताप हाय, गाडीत बसवत नाही."

कागद काय, तर तिची कबुली. 'माझे पती व दीर शेवटपर्यंत एकत्र होते. बाग एकत्र कुटुंबाची आहे. पूर्वी दिलेला अर्ज मी लोकांच्या सांगण्यावरून दिला. दीर अन्नवस्त्र देतात त्यात मी संतुष्ट आहे.'

"अन् तारीख मांगची टाका," तो म्हणाला. "तिनं अर्ज केला त्याच्यावर आठ दिवसाची. तवाच बोलली होती ती, कागद कराचा राहून गेला."

मी म्हणालो, "बाई समोर नाही, निशाणी कशी घ्यायची?"

त्यावर तो हसला. "दुसऱ्या मुन्शीकडं गेलो असतो. पन लोकं म्हंतात, निशाणी काढावी तं तुमीच. ज्याची त्याले वळखू येते."

इथं मी काही तरी भारी कारण सांगावं असं वाचणाऱ्याला वाटेल. घरात अडचण होती, त्यानं धमकावलं, माझा परवाना त्याच्या हातात होता. तसलं काहीही नव्हतं. त्यानं माझ्या हाताची तारीफ केली आणि मी पाघळलो. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं जिवावर आलं, हेही खरं. पण आधी मी पाघळलो. मी कबुली लिहिली, निशाणी काढली, 'बाईने स्वहस्ते समक्ष केली' असं खाली लिहून माझं नाव घातलं आणि कागद त्याच्या हाती दिला. साक्षीदार म्हणून दिरानं गावच्या दोघांची नावं सांगितली, तीही घातली. त्यांच्या नांगराच्या निशाण्या त्यानं गावी गेल्यावर करून घेतल्या असतील.

संत्री घरी नेली. बायकोनं विचारलं, कोणी दिली? म्हटलं, एका पक्षकारानं. गोड होती. मीही खाल्ली.

मग साक्षीचं समन्स आलं. माझ्याकडं दंडसंहितेचं एक मराठी भाषांतर होतं, पिवळ्या पानांचं, बांधणी सुटलेलं. लोकांच्या फिर्यादी लिहिताना कलमं बघायला मी ते ठेवी. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी उघडलं. बनावटीचं कलम काढलं आणि दिवाणखान्यात फेऱ्या मारत वाचत राहिलो.

कायदा म्हणतो, आधी दस्तऐवज खोटा असला पाहिजे. खोटा म्हणजे आतला मजकूर खोटा एवढंच नव्हे. ज्या माणसानं तो केला नाही, करायला सांगितलाही नाही, त्यानंच केला असं दुसऱ्याला वाटावं म्हणून बनवलेला. मी म्हटलं, बाईनं सांगितलं होतं ना. दीर म्हणाला तसं. मी कोणाच्या बोलण्यावर विश्वासच ठेवायचा नाही काय? मग कलमात तारखेचंही होतं: ज्या वेळी कागद झाला नाही त्या वेळी झाला असं भासवणं. मी म्हटलं, तिचं तोंडी बोलणं त्या तारखेचं होतं, कागद फक्त मागून झाला. पुढं अप्रामाणिकपणा. मी म्हटलं, मला काय मिळालं? पाटीभर संत्री. तर खालीच खुलासा होता की करणाऱ्याला लाभ झाला पाहिजे असं नाही. एकाला गैर फायदा किंवा दुसऱ्याला गैर नुकसान व्हावं एवढा हेतू पुरे. तिथं मी जरा अडखळलो. मग हेतू या शब्दाला धरून बसलो. हेतू मनात असतो, मन कोणाला दिसत नाही, आणि माझ्या मनात त्या बाईचं वाईट व्हावं असं कधी आलंच नव्हतं. बायकोनं जेवायला हाक मारेपर्यंत मी स्वतःला सगळ्या आरोपांतून सोडवलं होतं. मी वकील झालो नाही हे वकिलांचं नशीब.

कोर्टात त्या दिवशी पंखा ओढणारा डुलक्या घेत होता आणि न्यायाधीश घामेजले होते. ती समोरच्या बाकावर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मी शपथ घेतली आणि सांगितलं: बाई समक्ष आली, मी मजकूर वाचून दाखवला, तिला तो समजला, तिनं निशाणी केली. वाक्यं सरळ येत होती. रोजची होती ना ती.

तिचा वकील उठला. नवखा असला तरी प्रश्न त्यानं बरोबर जागी घातला. "मुन्शीजी, तुमच्या सगळ्या कागदांवर निशाणी तुम्ही काढता, पक्षकार टाकाला बोट लावतो. याच कागदावर बाईनं स्वहस्ते काढली, असं का?"

मला वेळही लागला नाही. मी म्हणालो, "बाईचा स्वभाव तसा आहे, साहेब. पहिल्या अर्जावरही तिनं हट्टानं स्वतःच काढली होती. तो अर्ज कचेरीत आहे, मागवून पाहावा."

हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात. तिनं त्या सकाळी टाक मागून घेतला होता, तो तिचा आब होता. मी तोच उचलून तिच्या अंगावर फेकला.

अर्ज मागवला गेला. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. दोन्ही बांगड्या खाली डावीकडं उघड्या. दोन्हींची रेघ थरथरलेली. "अशी निशाणी दुसरा कोण काढणार?" ते आपल्या कारकुनाला म्हणाले, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं. मग कबुलीचा कागद तिच्या हातात दिला आणि विचारलं, ही निशाणी तुमची का?

तिनं कागद डोळ्यांपुढं धरला. खूप वेळ धरला. शिरस्तेदार खाकरला तरी तिनं तो खाली केला नाही.

"निशाणी माहीच हाय," ती म्हणाली. "पन म्या नाही काढली."

कोर्टात हशा पिकला. दिराच्या वकिलानं हात पसरून आजूबाजूला पाहिलं. न्यायाधीशांनीसुद्धा मान हलवली. तिनं हशाकडं लक्ष दिलं नाही. कागद परत दिला आणि माझ्याकडं पाहिलं. ती उघडी बांगडी तिनं काढली तेव्हा समोर एकच माणूस बसला होता, हे तिला कळलं होतं. मला वाटलं ती ओरडेल, बोट दाखवेल. ती नुसती पाहत राहिली, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तशी. मग मान खाली घातली.

आता जे वर लिहिलं ते पुरं करतो. 'निशाणी काढली आणि कागद त्याच्या हाती दिला' असं मी लिहिलं आहे. ते अर्धवट आहे. माझी बांगडी म्हणजे वाटोळी, एका दमात ओढलेली, परकाराला लाजवील अशी. तशी मी काढली असती आणि 'बकलम' लिहिलं असतं, तर पहिल्या अर्जाशी ताडून पाहताच कोणीही विचारलं असतं की बाईच्या हातचं यात काय आहे. ते मला ठाऊक होतं. म्हणून मी तशी काढली नाही. दीर पान जुळवण्यात गुंतला होता तेवढ्यात मी एका रद्दी कागदावर तिची बांगडी आठवून गिरवली. पहिली फार नीट आली. दुसरीत थरथर जमली, पण फट उजवीकडं पडली. तिसरी साधली. टाक मी मुठीत धरला होता, खुरप्यासारखा. मग चौथी कबुलीवर काढली, फट बरोबर तुरीच्या दाण्याएवढी ठेवली, ठिपकासुद्धा पाडला, आणि देवा, मला ती आवडली. रद्दी कागदाची गोळी करून मी नाल्यात टाकली. बाई कबूल आहे यावर माझा विश्वास होता, तर तिचा हात चोरायची मला काय गरज होती? हेतू मनात असतो म्हणे. माझा त्या चुरगळलेल्या कागदावर तीन वेळा काढलेला होता.

निकाल तिच्या विरुद्ध गेला. निकालपत्रात एका जागी 'परवानेधारक अर्जनवीसाची निःस्पृह साक्ष' असं लिहिलं होतं. त्या निकालानं माझं नाव झालं. माझ्या सतरंजीपुढं माणसं वाढली. वरच्या कोर्टात जायची तिची ऐपत नव्हती. मी जाऊन सगळं सांगितलं असतं तर निकाल फिरला असता. मग बनावट कागद आणि खोटी साक्ष या दोन्हींसाठी मला तुरुंग होता. घरी दोन लहान मुलं होती. ही सबब खरी आहे, आणि माझ्यासारखा प्रत्येक माणूस हीच सांगतो. मला माझी लाज वाटे, पण ती पाय उचलायला लावण्याइतकी नव्हती.

दोनेक वर्षांनी, संत्र्यांच्या दिवसांत, धरमपेठेच्या रस्त्यावर मी तिला पाहिलं. तिकडं तेव्हा नवी घरं उठत होती. एका कुंपणाच्या सावलीत पोतं अंथरून, पुढं संत्र्यांची डालकी घेऊन ती बसली होती. दिराच्या अन्नवस्त्राकडं पाठ फिरवून शहरात आली होती, आणि दुसऱ्यांच्या बागांची फळं घेऊन विकत होती. गिऱ्हाइकाशी बोलताना फळ हातात घेऊन अंगठ्यानं दाबून दाखवत होती. फळाची तिची पारख मी सांगायला नको. मी दुसऱ्या बाजूला वळलो. त्या दिवसापासून कचेरीत जायला मी लांबचा रस्ता धरला. बायको म्हणे, काहून इतका फेरा घेता? मी म्हणे, चालणं होते.

पुढं पाचसहा वर्षांनी एकदा बायकोच संत्री घेऊन आली. "त्या कोपऱ्यावर एक बाई बसते," ती सोलता सोलता म्हणाली, "मोठी गोड बोलते. माह्या पोटुशा लेकीसाठी पाहिजे म्हटलं, तं निवडून निवडून दिले." आणि एक फोड माझ्यापुढं केली. मी म्हणालो, मला आंबट सोसत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, आणि मला आंबट सोसत नाही हे तिला त्या दिवशी प्रथम कळत होतं. तिला सांगायचं अगदी तोंडाशी आलं. पहिल्या दिवशीची बांगडीची गोष्ट ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आठवलं आणि मी गिळून टाकलं.

मग एक दिवस ती माझ्या सतरंजीपुढं येऊन बसली.

कडुनिंबाखाली त्या दिवशी चार मुन्शी होते. ती सरळ माझ्याकडं आली. केस पांढरे व्हायला लागले होते, हाताची बोटं सालींनी पिवळी झालेली. मला वाटलं, आता विचारणार. खरं सांगतो, तिनं विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं. निदान तसं मला अजून वाटतं.

"अर्ज लिवाचा हाय," ती म्हणाली. "म्युनिसिपालटीत. शिपाई रोज उठवते. बसाले चार हात जागा द्यावी, असं लिवा."

चार हात. तिची विहीर होती, रांगेनं झाडं होती. मी टाक बुडवला. नाव, गाव, पतीचं नाव विचारलं. सगळं मला पाठ होतं, तरी विचारलं. तीही एकेक सांगत गेली, जणू मी कोणी नवाच मुन्शी होतो. माझ्या मनात वाक्यं जुळत होती: बाई, तो कागद मी... बाई, त्या दिवशी... एकही तोंडातून निघालं नाही. जे निघालं ते असं: "पोलिसांच्या त्रासाचं लिहू काय?"

"नाही. खोटं नका लिवू. शिपाई उठवते, तेवढंच लिवा."

मी अर्ज पुरा केला, वाचून दाखवला. 'निशाणी' हा शब्द लिहिला आणि काही न बोलता टाक तिच्यापुढं धरला.

तिनं तो मुठीत घेतला. तसाच, खुरप्यासारखा. रेघ तशीच थरथरत गेली, डावीकडं खाली आली. तिथं ती थांबली नाही. जोर देऊन तिनं ती पुढं ओढली आणि पहिल्या टोकाला नेऊन भिडवली. मग भिडली की नाही ते वाकून पाहिलं. बांगडी पुरी झाली होती. वेडीवाकडी, पण कुठंही उघडी नव्हती.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती.

"ही माही," ती म्हणाली. "जुनी तुमच्यापाशीच राहू द्या, मुन्शीजी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं. इतकी वर्षं ती उन्हात बसून काय काय विचार करत असेल, ते मला त्या एका वाक्यात कळलं. बाग गेली, घर गेलं, हे तिनं सोसलं होतं. पण आपली म्हणून एक खूण होती, तीही दुसऱ्याच्या हातात गेल्यावर पुन्हा वापरता येत नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि नवी खूण करायला ती त्याच माणसाकडं आली होती. मी ती समोर बसून पाहावी आणि खाली लिहून द्यावं, म्हणून.

कारण खाली लिहायचं राहिलं होतं. 'बाईने स्वहस्ते समक्ष केली.' हे वाक्य मी तिच्या नावाखाली पूर्वी दोनदा लिहिलं होतं, एकदा खरं आणि एकदा खोटं. आता तिसऱ्यांदा लिहायला घेतलं तर टाक कागदावर टेकेना. पहिलं अक्षर तिरपं गेलं. दुसऱ्याची मात्रा भलतीकडं पडली. माझ्या हाताला असं कधी झालं नव्हतं. शेजारचा मुन्शी मान वळवून पाहू लागला.

तिनंही पाहिलं. मग हात पुढं करून उडणाऱ्या कागदाचा कोपरा दोन पिवळ्या बोटांनी दाबून धरला.

"सावकाश लिवा, मुन्शीजी," ती म्हणाली. "खाडाखोड झाली तं साहेब अर्ज घेनार नाही."

मी सावकाश लिहिलं.